सोलापुरात राहून स्वतःचा कथासंग्रह काढताना

माझा पहिला कथासंग्रह ११ ऑक्टोबर २०२५ रोजी वाचकांच्या हाती आला. त्यातल्या अकरा कथा लिहून झाल्या होत्या जानेवारी २०२३ मध्ये. मधली पावणेतीन वर्षे कशात गेली हे सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण पुण्या-मुंबईपासून दूर राहून लिहिणाऱ्या माणसाला पुस्तक काढायचे झाले तर पहिले पाऊल कुठे टाकावे हेच कळत नाही. मलाही कळले नव्हते.

मी सोलापूरच्या पूर्व भागात, कन्ना चौकाजवळ राहते. आमच्या घरची भाषा तेलुगू, शिक्षण मराठीतून. वडील यंत्रमागावर टॉवेल विणत आणि अम्मा चाळीस वर्षे घरी बिड्या वळत होती. माझ्या कथा याच गल्ल्यांतल्या आहेत. एका पतसंस्थेत हिशेबनीस म्हणून काम करत रात्री जेवणानंतर त्या लिहिल्या.

मार्च २०२३ मध्ये मी तीन प्रकाशकांना हस्तलिखिताच्या प्रती पाठवल्या. पहिल्याकडून सात महिने काहीच कळले नाही. दूरध्वनी केला तेव्हा हस्तलिखित सापडत नसल्याचे सांगण्यात आले. दुसऱ्याने पुस्तक काढण्याची तयारी दाखवली, मात्र तीनशे रुपये किमतीच्या तीनशे प्रती मी तीस टक्के सवलतीने आधीच विकत घ्यायच्या, म्हणजे त्रेसष्ट हजार रुपये छपाईपूर्वी भरायचे, अशी अट होती. मी हिशेब करून पाहिला आणि नकार कळवला. तिसऱ्याचे उत्तर यायला दीड वर्ष लागले. या काळात एक सवय लागली, ती उपयोगी आहे: कोणाला, कोणत्या तारखेला, किती पाने पाठवली याची वही ठेवावी आणि पत्रातच ‘चार महिन्यांत उत्तर न आल्यास मी अन्यत्र विचारेन’ असे नम्रपणे लिहावे. ते वाक्य मी पहिल्या पत्रात लिहिले असते तर एक वर्ष वाचले असते.

तिसरे पत्र हाती पडले ते ४ ऑक्टोबर २०२४ रोजी. आदल्याच दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला होता आणि सकाळच्या वर्तमानपत्राचे पहिले पान त्याच बातमीने भरले होते. पत्र आपुलकीने लिहिले होते. कथा आवडल्या होत्या, दोन कथांबद्दल तर परिच्छेदभर लिहिले होते. पण संवादांतल्या बोलीमुळे सोलापूरबाहेरचा वाचक अडखळेल, म्हणून सर्व संवाद प्रमाण मराठीत करून पाठवावेत, मग विचार करू, असे शेवटी होते. मी ते पत्र आणि ते वर्तमानपत्र दोन्ही एकाच टेबलावर ठेवून बराच वेळ बसले होते. भाषेचा दोन हजार वर्षांचा वारसा सिद्ध करताना आपण शिलालेखांतले आणि गाथांतले बोलीशब्द पुरावा म्हणून पुढे ठेवतो, आणि आज बिडीच्या कारखान्यासमोर उभी असलेली बाई जे बोलते ते मात्र पुस्तकात नको म्हणतो, याचे मला मनापासून वाईट वाटले. त्या रात्री मी पुस्तक स्वतः काढायचे ठरवले.

पैशाची सोय पाहताना राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची माहिती मिळाली. पहिल्या पुस्तकासाठी ही योजना आहे आणि तिचे अर्ज सहसा जानेवारी महिन्यात मागवले जातात. मला हे कळले तेव्हा फेब्रुवारी २०२५ उजाडला होता. आणखी एक वर्ष थांबायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी साठवलेले साठ हजार रुपये वापरले. ज्यांना थांबता येईल त्यांनी डिसेंबरपासूनच मंडळाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे.

मार्चमध्ये अक्षरजुळणी सुरू झाली. मी कथा संगणकावर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या लिपीत, टंकलेल्या होत्या, त्यामुळे हे काम दोन दिवसांचे आहे असे मला वाटत होते. आमच्याकडचे अक्षरजुळणी करणारे बहुतेकजण अजून पेजमेकर या पाने मांडायच्या जुन्या प्रणालीत, युनिकोड नसलेले श्रीलिपीचे टंक वापरून काम करतात. युनिकोडमधला मजकूर त्या टंकात रूपांतरित केला की बहुतेक अक्षरे नीट येतात, पण ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’ यांचा घोळ होतो. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ झाले होते, ‘कुऱ्हाड’ तर ओळखूच येत नव्हती, आणि अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच चिन्हे आली होती. १७६ पानांत असे सुमारे सहाशे दोष निघाले. अक्षरजुळणी करणारे दादा मेहनती होते, ते म्हणाले, “ताई, तुम्ही लाल पेनाने खुणा करून द्या, मी एकेक दुरुस्त करतो.” आम्ही ते तीन आठवडे केले. ज्यांचा मजकूर युनिकोडमध्ये आहे त्यांनी आधीच इनडिझाइन या पाने मांडायच्या नव्या प्रणालीवर युनिकोड टंकात काम करणारा माणूस शोधावा. पानामागे पाच-दहा रुपये जास्त पडतील, पण हा त्रास वाचेल आणि पुढे ई-पुस्तक करायचे झाल्यास तोच मजकूर वापरता येईल. मला पानाला पस्तीस रुपयांप्रमाणे ६,१६० रुपये द्यावे लागले.

मुद्रितशोधनासाठी मी एका निवृत्त मराठी शिक्षकांकडे गेले. सर अतिशय काटेकोर होते. १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडलेले चार, असे शुद्धलेखनाचे अठराही नियम त्यांना मुखोद्गत होते. निवेदनातल्या माझ्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका त्यांनी इतक्या काढल्या की मला लाज वाटली, आणि त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. पण पहिला प्रूफ, म्हणजे तपासणीची छापील प्रत, परत आला तेव्हा संवादही शुद्ध झाले होते. माझ्या कथेतली बाई शेजारणीला विचारते, “काय करलालाव अक्का?” तिथे सरांनी ‘काय करत आहात, ताई?’ केले होते. आमच्या बोलण्यात हाक मारताना येणारा ‘बे’ सगळीकडून गेला होता.

मी प्रूफ घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांच्याशी वाद घालण्याचे धाडस माझ्यात नव्हते, म्हणून मी फक्त एवढेच विचारले की, सर, ही बाई असे बोलली तर मी तिच्या घरात शिरू शकेन का? सर थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “मला एक संवाद मोठ्याने वाचून दाखवा.” मी वाचला. ते म्हणाले की निवेदनात मी तुम्हाला एकही सूट देणार नाही, संवादात मात्र तुमचे कान प्रमाण. फक्त एकच शब्द दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलेला मला चालणार नाही. हा नियम फार मोलाचा ठरला. आम्ही बोलीतल्या एकशे चाळीस रूपांची यादी केली आणि प्रत्येकाचे एकच लेखन ठरवले. ‘करलालाव’, ‘येलालाव’, ‘लई’, ‘कामून’ अशी ती यादी अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

ही यादी करत होतो तेव्हा राज्यात पहिलीपासून तिसरी भाषा शिकवण्यावरून मोठा वाद चालू होता. एप्रिल २०२५ मध्ये निघालेला निर्णय जूनमध्ये बदलला आणि २९ जूनला मागेही घेतला गेला. त्या दिवसांत पुस्तकात शब्दार्थांची सूची द्यावी का, असा प्रश्न माझ्यापुढे होता, आणि या वादामुळे मी त्यावर अधिक विचार केला. माझ्या कथांत मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी एका ओळीत येतात, कारण आमच्या नळावर त्या तशाच येतात. त्या प्रत्येक शब्दाखाली अर्थ दिला असता तर त्या भाषा परक्या पाहुण्यांसारख्या दिसल्या असत्या. मी सूची दिली नाही. वाक्याच्या आधाराने अर्थ लागत नव्हता अशा सहा जागी वाक्येच बदलली.

त्याच महिन्यात, १८ जून रोजी, निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांचे सोलापुरात निधन झाले. ते इथलेच, १९३२ मध्ये इथेच जन्मलेले. २००६ साली सोलापुरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हा ते अध्यक्ष होते, मी महाविद्यालयात होते आणि ग्रंथप्रदर्शनात दोन दिवस नुसती फिरले होते. लेखक म्हणजे पुण्यात राहणारा माणूस, हा माझा समज त्या दोन दिवसांत गेला. त्यांच्या निधनाच्या बातम्या वाचताना मला पुन्हा जाणवले की या माणसाने वनखात्याच्या नोकरीत आयुष्यभर आदिवासींच्या तोंडून झाडांची, पक्ष्यांची, पाणवठ्यांची नावे ऐकली, टिपली आणि ती जशीच्या तशी मराठीत आणून ठेवली. तिसऱ्या प्रकाशकाच्या पत्राने मनात उरलेली शंका त्या संध्याकाळी संपली.

संवादांपेक्षाही अवघड निघाली ती एक कथा. ती मी २०१९ मध्ये लिहिली होती. तिच्यात नजर मंदावत चाललेला एक म्हातारा विणकर रोज सकाळी गच्चीवर जाऊन सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी दिसते का ते पाहतो. ती दिसली की डोळे अजून शाबूत आहेत असे समजून तो कामाला लागतो. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या उड्डाणांना अडथळा ठरते म्हणून ती चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. कथा तेव्हा दोन प्रकाशकांकडे पडून होती. पुढे ९ जून २०२५ रोजी सोलापूर–गोवा विमानसेवा सुरू झाली आणि मी अंतिम प्रूफ वाचत असताना विमानाचा आवाज येऊ लागला.

म्हाताऱ्याला एका सकाळी चिमणी दिसत नाही आणि तो आंधळा झालो असे समजतो, हा शेवट मला कोणी सुचवण्याची गरज नव्हती. मी तो लिहिलाही. चार पाने लिहून आठ दिवस बाजूला ठेवली. पुन्हा वाचली तेव्हा असे वाटले की मी त्या म्हाताऱ्याचे दुःख बातमीच्या उपयोगाला लावते आहे. शिवाय त्या चिमणीशी ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांचे आणि कामगारांचे जे नाते होते, आणि विमानसेवेची वाट पाहणाऱ्यांची जी बाजू होती, ती दोन्ही चार पानांत मावणारी नव्हती. मी जुना शेवट ठेवला आणि प्रत्येक कथेखाली लेखनाचे वर्ष छापायचे ठरवले. शहर बदलत असताना लिहिणाऱ्यांना मी हे आवर्जून सुचवेन. चार आकड्यांची जागा लागते आणि वाचकाशी प्रामाणिकपणा राहतो.

जुलैमध्ये आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, अर्ज केला. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या संकेतस्थळावर लेखक-प्रकाशक म्हणून नोंदणी करावी लागते. यासाठी कोणतेही शुल्क नाही. ‘काढून देतो’ म्हणून पैसे मागणारे भेटतात, त्यांना देऊ नयेत. ओळखपत्र, मुखपृष्ठ आणि शीर्षकपान जोडावे लागते. माझा अर्ज एकदा परत आला, कारण आधारकार्डावर माझे नाव वडिलांच्या नावासह होते आणि शीर्षकपानावर वडिलांचे नाव नव्हते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे स्वाक्षरीचे पत्र जोडल्यावर अर्ज मंजूर झाला. सर्व मिळून चोवीस दिवस लागले. तेरा अंकी क्रमांक मिळाल्याशिवाय मुखपृष्ठाच्या मागच्या बाजूचे काम पूर्ण होत नाही, तेव्हा हा अर्ज छपाईच्या किमान दोन महिने आधी करावा. ई-पुस्तकासाठी वेगळा क्रमांक घ्यावा लागतो, हेही तेव्हाच कळले.

कॉपीराइटबद्दल मला फार भीती होती. वास्तविक, १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखन झाले की हक्क आपोआप लेखकाचाच असतो आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे राहतो. नोंदणी सक्तीची नाही, ती पुराव्यासाठी. मी ५०० रुपये भरून ऑनलाइन अर्ज केला, डायरी क्रमांक मिळाला, आक्षेपांसाठीचे तीस दिवस गेले आणि पुढची तपासणी अजून चालू आहे.

छपाई पुण्यात करायचे ठरले. एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेला सोळा पानांचा एक फर्मा, म्हणून पाने सोळाच्या पटीत ठेवावीत, नाहीतर शेवटी कोरी पाने येतात. माझे बरोबर अकरा फर्मे झाले. डेमी हा पुस्तकांचा नेहमीचा आकार, सत्तर जीएसएमचा (दर चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाचा) नॅचरल शेडचा कागद, पाचशे प्रती. मुद्रकांनी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फोन करून सांगितले, “मॅडम, बावीस तारखेपासून कागदावरचा जीएसटी बारावरून अठरा टक्के होतोय, कागदाचे पैसे आत्ता भरून टाका.” माझ्या पुस्तकापुरता तो फरक नऊशे रुपयांचा होता. मोठ्या प्रकाशकांना तो किती जाणवत असेल याचा विचार मी प्रथमच केला, कारण छापील पुस्तकावर जीएसटी नाही आणि म्हणूनच कागदावर भरलेला कर वळता करून घेता येत नाही. तो शेवटी पुस्तकाच्या किमतीवर येतो.

प्रकाशन २८ सप्टेंबरला ठेवले होते. २२ तारखेनंतर सीना नदीला असा पूर आला की माढा, मोहोळ आणि दोन्ही सोलापूर तालुक्यांतली गावे पाण्यात गेली. पुणे महामार्गावरची वाहतूकही काही काळ थांबली आणि पुस्तकांचे गठ्ठे अडकले. गठ्ठे येते तरी मी त्या दिवशी प्रकाशन करू शकले नसते. आमच्या पतसंस्थेचे खातेदार त्या गावांतले होते. कुणाची जनावरे वाहून गेली होती, कुणाच्या घरात कमरेएवढा गाळ होता. मी पंधरवडाभर पुस्तकाचा विषयही काढला नाही. ११ ऑक्टोबरला आमच्या भागातल्या एका शाळेच्या खोलीत, हार-तुरे न आणता, साठेक माणसांत प्रकाशन झाले. सरांनी बोलीतला संवाद स्वतः वाचून दाखवला.

एकूण खर्च असा आला: छपाई आणि बांधणी ४२,५००, अक्षरजुळणी ६,१६०, मुद्रितशोधन ४,४००, मुखपृष्ठ ५,०००, म्हणजे ५८,०६० रुपये. एका प्रतीला सुमारे ११६ रुपये पडले. किंमत २५० ठेवली. दुकानदार चाळीस टक्के घेतात, म्हणजे माझ्या हाती १५० येतात, आणि तेही प्रत विकली गेल्यावर तीन-चार महिन्यांनी. म्हणून दुकानांत मी फक्त साठ प्रती दिल्या, प्रत्येक ठिकाणी पावती घेतली, आणि उरलेल्या स्वतः पाठवते आहे.

टपालाचा प्रश्न वेगळाच होता. पुस्तके स्वस्तात पाठवण्याची जुनी नोंदणीकृत बुक पोस्ट सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. मे २०२५ पासून टपाल खात्याने ज्ञान पोस्ट ही सेवा सुरू केली आहे. तिचे दर तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपयांपासून पाच किलोपर्यंत शंभर रुपये, अधिक कर, असे आहेत. माझे पुस्तक २३० ग्रॅमचे आहे. ही सेवा शैक्षणिक, तसेच सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी असल्याने कथासंग्रह त्यात बसतो का, हे मी काउंटरवर प्रत दाखवून विचारून घेतले. पुस्तकावर प्रकाशक किंवा मुद्रकाचे नाव छापलेले असावे लागते आणि आत जाहिरात चालत नाही. माल जमिनीवरून जातो, त्यामुळे नागपूरला आठ दिवस लागतात. वाचकाला तसे आधीच सांगावे.

एक काम बहुतेक नवे लेखक करत नाहीत, कारण ते कोणी सांगत नाही. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत पुस्तकाची एकेक प्रत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना द्यायची असते. स्वतः पुस्तक काढले की आपणच प्रकाशक होतो. दंड पन्नास रुपयांपर्यंतचाच आहे, पण मी दंडासाठी ते केले नाही. ‘करलालाव’ हा शब्द छापलेले एक पुस्तक कोलकात्यात कुठल्यातरी फडताळात राहील, या विचाराने मी त्या चार पाकिटांवरचे पत्ते दोनदा तपासले.

गठ्ठे घरी आले त्या दिवशी अम्मा खाटेवर बसून पाहत होती. तिला मराठी वाचता येत नाही. बिड्या कारखान्यात मोजून देताना पंचवीसचा कट्टा धरायचा आणि तपासणारा माणूस किती छाट, म्हणजे नापास बिड्या, काढतो याकडे लक्ष ठेवायचे, ही तिची चाळीस वर्षांची सवय. मी प्रती उघडून तपासू लागले तसे तिने तेलुगूतून विचारले, “छाट किती निघाली?” चौदा प्रतींची बांधणी सुटलेली होती. मुद्रकांनी त्या बदलून देण्याचे मान्य केले आहे. तिने सुटलेल्या प्रतींतली एक उचलून मांडीवर ठेवली आणि ती परत द्यायची नाही म्हणाली, म्हणून मी पुण्याला तेराच पाठवल्या. आता रोज रात्री त्या प्रतीतले एक पान मी तिला तेलुगूत सांगते. सध्या चौथी कथा चालू आहे, आणि त्यातल्या बाईने सूप कसे धरायला हवे होते यावर तिची दुरुस्ती मी दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहून घेतली आहे.